बाबांना आयपीएफ आहे, "झॉम्बी पेशी" मारणाऱ्या गोळ्यांबद्दल कोणाला खरं काही माहितीये का?

गंगापूररोडकरीण · रात्री ९.५२

नमस्कार मंडळी. पोस्ट मोठी होणारे, आधीच सांगून ठेवते.

बाबा ७१ वर्षांचे. सातपूर एमआयडीसीत जवळजवळ तीस वर्षं वेल्डिंग-ग्राइंडिंग केलं, विडी होती ती बावीस वर्षांपूर्वी सुटली. मागच्या दिवाळीपासून कोरडा खोकला लागला, आम्ही सगळे म्हणतोय ॲलर्जी आहे, रस्त्याची कामं चालू आहेत सगळीकडे, धूळ आहे, आणि चार-पाच महिने नुसती सिरपं पाजत बसलो. मग एक दिवस पांडवलेणीच्या पायऱ्यांवर, जिथं मला लहानपणी खांद्यावर घेऊन चढायचे, तिथं विसाव्या-पंचविसाव्या पायरीला बसले ते उठेचनात. एचआरसीटी झाला, रिपोर्टमध्ये "हनीकोंबिंग" लिहिलंय म्हणजे फुफ्फुस मधमाशीच्या पोळ्यासारखं दिसतंय. निदान आयपीएफ, म्हणजे कारण न कळता फुफ्फुसात व्रण साचत जातो तो आजार. एफव्हीसी, म्हणजे फुफ्फुसाची क्षमता, ६८ टक्के. त्यावरची गोळी निन्टेडॅनिब १५० दिवसातून दोनदा चालू आहे आणि जुलाबांनी बेजार झालेत, सहा किलो वजन गेलं.

आता मुद्दा. पुण्याच्या चुलत भावाने एक व्हिडिओ पाठवला की वय झालं की फुफ्फुसात म्हाताऱ्या पेशी साचतात, त्या धड काम करत नाहीत आणि मरतही नाहीत म्हणून त्यांना झॉम्बी पेशी म्हणतात, आणि त्या मारल्या की फुफ्फुस परत तरुण होतं. दोन गोळ्या लागतात, डॅसॅटिनिब आणि क्वेरसेटिन. क्वेरसेटिन म्हणजे कांद्यात असतं तेच, ऑनलाइन मिळतं, त्याने ऑर्डर पण करून टाकलं. डॅसॅटिनिब त्याच्या ओळखीच्या मेडिकलवाल्याकडून आणतो म्हणतोय. मी आमच्या डॉक्टरांना विचारलं तर ते हसले आणि म्हणाले यूट्यूब बघणं बंद करा, बाहेर चाळीस पेशंट बसलेत. हसण्यासारखं काय होतं ते तरी सांगायचं ना.

हे थोतांड आहे का खरं? आणि खरं असेल तर आमच्या डॉक्टरांना माहीत कसं नाही?

---

चाळकरी_निफाड · रात्री १०.२०

ताई, आधी बाबांना बरं वाटो. कांद्याचं नाव निघालं म्हणून लिहितो, बाकी आपल्याला डॉक्टरकीतलं काही कळत नाही.

पण ही पेशींची गोष्ट मला बरोबर समजली बघा. आमच्या चाळीत एप्रिल-मेला उन्हाळ कांदा भरतो, दिवाळीपर्यंत ठेवायचा असतो. हजार कांद्यात एक सडला तर तो एकटा गप सडत नाही, त्याचं पाणी सुटतं, शेजारच्याला लागतं, मग त्याचं त्याच्या शेजारच्याला. वरून ढीग छान लाल दिसतो, आत हात घातला की कळतं. तसंच असेल ना हे? एक म्हातारी पेशी बाजूच्यांना बिघडवते?

बाकी कांद्याने माणूस बरा होत असता तर लासलगावात कोणी खोकलं नसतं. भाव पडला की आम्हीच खोकतो.

---

पेट्रीडिश · रात्री ११.३५

थोतांड नाहीये. पण तो व्हिडिओ जे सांगतोय तेही नाहीये. मी याच भागात पीएचडी करतेय, नाशिकची पण सध्या बाहेरगावी, झोप येत नाहीये म्हणून सविस्तर लिहिते.

चाळकरी दादा, तुमचं उदाहरण मी आता प्रेझेंटेशनमध्ये ढापणारे. फक्त एक फरक. सडका कांदा मेलेला असतो, ही पेशी जिवंत असते. १९६१ मध्ये हेफ्लिक आणि मूरहेड या दोघांनी दाखवलं की माणसाच्या साध्या पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या तर साधारण ४० ते ६० वेळा विभागतात आणि मग थांबतात. कायमच्या. त्याआधी सगळे समजायचे की पेशी अमर असतात, आपणच त्यांना नीट खायला घालत नाही म्हणून थांबतात. आणि हेफ्लिकची पुढे जगभर वापरली गेलेली डब्ल्यूआय-३८ नावाची पेशींची मालिका, ती फुफ्फुसातल्याच पेशींची. रुबेलाची लस तिच्यावरच बनली.

थांबण्याची कारणं बरीच. क्रोमोझोमच्या टोकाला टेलोमिअर असतो, बुटाच्या नाडीच्या टोकाला प्लॅस्टिक असतं तसा, तो दर विभाजनाला झिजतो. किंवा सिगारेटचा धूर, धातूची धूळ, रेडिएशन याने डीएनए तुटतो. मग पी१६, पी२१ नावाच्या प्रथिनांचे ब्रेक लागतात आणि पेशी म्हणते आता मी विभागणार नाही. मुळात ही चांगली सोय आहे बरं का, कारण डीएनए तुटलेली पेशी विभागत राहिली तर कॅन्सर. अडचण अशी की ब्रेक लागलेली पेशी शांत बसत नाही, ती आजूबाजूला सूज आणणारी प्रथिनं, ऊती कापणारी एन्झाइम्स, व्रण तयार करायला सांगणारे निरोप असं सगळं ओतत राहते. याला एसएएसपी म्हणतात, हे नाव ज्युडिथ कॅम्पिसीच्या ग्रुपने २००८ ला दिलं. हेच तुमचं कांद्याचं पाणी. तरुणपणी आपली रोगप्रतिकार यंत्रणा अशा पेशी उचलून नेते, वय वाढलं की तीच थकते आणि ढीग साचतो.

आता फुफ्फुस. हवेचे जे बारीक फुगे असतात, काही कोटी असतात, त्यांच्या भिंतीत टाइप टू नावाच्या पेशी असतात. भिंत फाटली की याच विभागून नवीन भिंत बनवतात, म्हणजे गवंडी आणि विटा दोन्ही त्याच. आयपीएफमध्ये या गवंड्यांनाच ब्रेक लागलेला असतो. भिंत फाटते, भरून येत नाही, शेजारच्या फायब्रोब्लास्ट पेशी तिथं चिकट व्रणाचं सिमेंट ओतत बसतात, आणि त्यातल्या बऱ्याच स्वतः म्हाताऱ्या झालेल्या असतात त्यामुळे त्या मरतही नाहीत. काही घरांत टेलोमिअर दुरुस्त करणाऱ्या जीनमध्येच बिघाड असतो, तिथं आयपीएफ पिढ्यानपिढ्या दिसतो, हे २००७ पासून माहीत आहे. म्हणून घरात अजून कोणाला असं फुफ्फुस, किंवा अगदी तरुणपणी केस पांढरे, लिव्हर किंवा रक्ताचं काही, असं असेल तर डॉक्टरांना सांगा, फालतू वाटलं तरी.

औषधाकडे येते. २०११ ला मेयो क्लिनिकमध्ये असे उंदीर तयार केले की एक औषध दिलं की त्यांच्या पी१६ वाल्या पेशी मरतात. लवकर म्हातारे होणारे उंदीर होते ते, त्यांचे स्नायू, चरबी, डोळे जास्त काळ चांगले राहिले. तिथून धावाधाव सुरू झाली. २०१५ ला डॅसॅटिनिब आणि क्वेरसेटिनची जोडी सापडली. म्हाताऱ्या पेशी मरत नाहीत कारण त्यांनी मरणाविरुद्धची स्वतःची कवचं जाड केलेली असतात, ही औषधं ती कवचं काढून घेतात. एकच औषध का नाही, तर प्रत्येक जातीच्या पेशीचं कवच वेगळं, डॅसॅटिनिब चरबीच्या मूळ पेशींवर चाललं, क्वेरसेटिन रक्तवाहिनीच्या अस्तरावर. आणि रोज घ्यायची गरज नाही, कारण अशा पेशी नव्याने साचायला आठवडे लागतात, म्हणून तीन दिवस गोळ्या मग गॅप. २०१७ ला फुफ्फुसात व्रण केलेल्या उंदरांना ही जोडी दिली, ते जास्त पळायला लागले.

माणसांवरचं उद्या लिहिते, डोळे मिटतायत. पण एवढं लगेच सांगते, भावाला म्हणावं डॅसॅटिनिब आणू नकोस.

---

ओझरची_मावशी · सकाळी ६.१५

मी रोज पहाटे उठते म्हणून सगळ्यांचं वाचून काढलं. पेट्रीडिश तू झोप गं आधी.

मला आयपीएफ नाही, सीओपीडी आहे, म्हणजे श्वासनळ्या खराब होऊन कायमचा दम लागतो तो आजार. आयुष्यात विडीला हात लावला नाही, पण लग्न होऊन आले तेव्हापासून वीस वर्षं चूल, आणि न्हाणीघरात बंबाला लाकडं, त्याचा धूर कोणी मोजत नाही. डॉक्टर पहिल्यांदा विचारतात तुम्ही ओढता का आणि मग माझ्याकडे बघून ओशाळतात. तर माझा प्रश्न, ही म्हाताऱ्या पेशींची भानगड सीओपीडीत पण असते का? आणि मी शुगरसाठी मेटफॉर्मिन घेते, कुणीतरी म्हणालं त्याने पण वय थांबतं. मग माझं आपोआप चालू आहे का हे?

गंगापूररोडकरीण, तुला अजून एक सांगते, जुलाबाचं अंगावर काढू नका. माझ्या नणंदेच्या यजमानांना हेच औषध आहे, ते उपाशीपोटी घ्यायचे. जेवणासोबत घ्यायला लागल्यापासून बरंच कमी झालं. आणि त्यांच्या डॉक्टरांनी डोस पण काही दिवस उतरवून दिला होता, म्हणजे उतरवता येतो, पण विचारून.

---

गंगापूररोडकरीण · सकाळी ८.०५

मावशी खूप थँक्यू, बाबा सकाळची गोळी चहासोबतच घेत होते!! आम्हाला कोणी सांगितलंच नाही, किंवा सांगितलं असेल आणि आम्ही त्या दिवशी काही ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हतो.

पेट्रीडिश, घरात दुसऱ्या कोणाला नाही असं वाटतंय पण आजोबा "दम लागून" गेले एवढंच सगळे सांगतात. त्या काळी सगळेच दम लागून जायचे. आणि हो, भाऊ ऐकत नाहीये. म्हणतोय कॅन्सरला चालतं तर याला का नाही, आणि क्वेरसेटिन तर नॅचरल आहे.

---

छातीतलं_सांगतो · दुपारी ३.१०

मी छातीविकाराचा डॉक्टर, नाशिकमध्येच. नाव टाकत नाही, नाहीतर उद्या ओपीडीत लोक स्क्रीनशॉट घेऊन येतील. पेशंट न बघता सल्ला देत नाहीये, हे सर्वसाधारण म्हणून वाचा.

पहिलं, तुमचे डॉक्टर हसले ते चुकलं. चाळीस पेशंट बाहेर असले की आमच्याकडून होतं असं, समर्थन नाही करत.

दुसरं, डॅसॅटिनिब. हे ब्लड कॅन्सरच्या एका प्रकाराचं औषध आहे, सीएमएलचं, अमेरिकेत २००६ पासून मान्यता आहे, आपल्याकडे पण मिळतं. या औषधाचा सगळ्यात ओळखीचा दुष्परिणाम कुठला माहितीये? फुफ्फुसाभोवती पाणी. सीएमएलच्या मोठ्या ट्रायलमध्ये रोज घेणाऱ्यांना पाच वर्षांत २८ टक्के लोकांना झालं. शिवाय काहींना फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्यांतलं प्रेशर वाढतं, जे आयपीएफच्या पेशंटमध्ये आजारामुळे आधीच वाढलेलं असू शकतं. रक्तातल्या पेशी कमी होतात. रक्तस्रावाचा धोका वाढतो, आणि तुमचे बाबा निन्टेडॅनिब घेतायत ज्याचा तोच धोका आहे, म्हणजे एकावर एक. ॲसिडिटीची गोळी चालू असेल, बहुतेक आयपीएफवाल्यांना असतेच, तर डॅसॅटिनिब नीट शोषलंच जात नाही. तीन दिवस घेऊन गॅप दिला तर धोका कमी असणार हे मान्य, पण ज्या माणसाकडे ६८ टक्केच फुफ्फुस आहे त्याच्यावर घरच्या घरी, ईसीजी नाही रक्त तपासणी नाही, असा प्रयोग मेडिकलवाल्याच्या ओळखीवर करायचा नसतो.

तिसरं, "कॅन्सरला चालतं तर याला का नाही". मला शिकवणाऱ्या सरांच्या पिढीने वर्षानुवर्षं आयपीएफला प्रेडनिसोलोन, अझाथायोप्रिन आणि एन-ॲसिटिल सिस्टीन अशी तिहेरी औषधं दिली. तर्क एकदम बरोबर होता, सूज कमी करा व्रण कमी होईल. मग कोणीतरी नीट खोट्या गोळ्यांशी तुलना केली, आणि २०१२ ला निकाल आला की तिहेरी औषधवाले जास्त मेले, जास्त ॲडमिट झाले. ट्रायलचा तो भाग मधेच थांबवावा लागला. किती लोकांना आम्ही सगळ्यांनी चांगल्या मनाने ते दिलं असेल. त्यामुळे तर्क कितीही गोड असला तरी मला आता आकडे लागतात.

चौथं, आणि हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. घरात किंवा गॅलरीत कबुतरं आहेत का? कूलर वापरता का, त्याच्या गवताच्या पट्ट्या कधी बदलल्या? भारतात १९ शहरांतल्या १०८४ पेशंटची रजिस्ट्री २०१७ ला छापून आली, त्यात अशा फुफ्फुसाच्या आजारांमध्ये सगळ्यात जास्त, ४७ टक्के, हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस निघाला, म्हणजे श्वासातून काहीतरी जाऊन होणारा. आयपीएफ १४ टक्क्यांच्या आसपासच. आणि त्या ४७ टक्क्यांपैकी जवळजवळ निम्म्यांचा कूलरशी संबंध होता. जुना झालेला असा आजार सीटीवर आयपीएफसारखाच दिसू शकतो, पोळ्यासकट. उपचाराची दिशा मात्र वेगळी, तिथं कारण काढणं हाच अर्धा उपचार.

---

पेट्रीडिश · रात्री ९.४०

डॉक्टरसाहेब बरं झालं लिहिलंत, आता मला कमी बोलावं लागेल. म्हणजे मी तरी बोलणारच.

माणसांवरचं. २०१९ ला आयपीएफच्या फक्त १४ पेशंटना ही जोडी दिली, डॅसॅटिनिब १०० मिलिग्रॅम आणि क्वेरसेटिन १२५० मिलिग्रॅम, आठवड्यात तीन दिवस, असे तीन आठवडे. सहा मिनिटं चालण्याच्या टेस्टमध्ये सरासरी २१.५ मीटर जास्त चालले, खुर्चीतून उठबस पण सुधारली. ही बातमी सगळीकडे गेली. बातमीत जे गेलं नाही ते असं की फुफ्फुसाची क्षमता, म्हणजे एफव्हीसी वगैरे, होती तेवढीच राहिली. आणि खोट्या गोळीचा गट नव्हता. सहा मिनिटांची टेस्ट दुसऱ्यांदा देताना माणूस तसाही थोडा जास्त चालतो, कारण कॉरिडॉर ओळखीचा झालेला असतो, भीती गेलेली असते. मग २०२३ ला खोट्या गोळीशी तुलना करणारी छापून आली, पण त्यात माणसं किती, १२. सहा इकडे सहा तिकडे. त्यातून एवढंच कळलं की औषध झेपतं, ट्रायल करता येते. फायदा आहे की नाही हे १२ माणसांतून कोणालाच सांगता येणार नाही, ते करणाऱ्यांनीही तसा दावा केला नाही. गंगापूररोडकरीण, म्हणून तुमच्या डॉक्टरांना "माहीत नाही", कारण अजून माहीत करून घेण्यासारखा निकालच नाहीये.

आणि फुफ्फुसाबाहेर एक मोठी आपटी झाली आहे. गुडघ्याच्या संधिवातासाठी याच कल्पनेवरचं यूबीएक्स०१०१ नावाचं इंजेक्शन होतं, २०२० ला ते खोट्या इंजेक्शनपेक्षा सरस ठरलं नाही.

"नॅचरल" बद्दल. चाळकरी दादा हिशोब करा, १०० ग्रॅम कांद्यात साधारण २० ते ४० मिलिग्रॅम क्वेरसेटिन, लालमध्ये जास्त, पांढऱ्यात नावाला, आणि बरंचसं वरच्या पापुद्र्यांत जे आपण सोलून टाकतो. १२५० साठी दिवसाला किती किलो?

मावशी, सीओपीडीत पण असतात या पेशी, धुराने फुफ्फुसाचं वय पुढे पळतं असंच समजा, मग तो धूर विडीचा असो नाहीतर चुलीचा. मेटफॉर्मिन वेगळ्या वाटेचं, ते पेशी मारत नाही, तिचं तोंड बंद करायचा प्रयत्न करतं म्हणजे ते ओतणं कमी करतं. रॅपामायसिन नावाचं औषध पण त्याच वाटेचं. उंदरांच्या फुफ्फुसात मेटफॉर्मिनने व्रण कमी झालेला दिसला २०१८ ला, पण जुन्या आयपीएफ ट्रायलमधल्या मेटफॉर्मिन घेणाऱ्या पेशंटचा डेटा चाळला तेव्हा काहीच फरक नव्हता. शुगरसाठी घ्या, ते काम ते चोख करतं.

---

चाळकरी_निफाड · रात्री १०.०२

तीन ते सहा किलो!! रोज!! ताई तुमच्या बाबांना नाही, पूर्ण महाराष्ट्राला चालू करा हा कोर्स, मी ट्रॅक्टर पाठवतो.

पण एक शंका आहे खरंच. चाळीत सड लागली की नवखा माणूस काय करतो, आत शिरून ढीग उपसायला लागतो. आमचे वडील ओरडायचे, उपसू नको. कारण उपसताना चांगल्या कांद्याला मार बसतो, साल निघते, आणि आठ दिवसांनी तेच सडतात. वरचे-कडेचे हाताला येतील तेवढे काढायचे, हवा खेळती ठेवायची, आणि बाकी ढीग तसाच. मग फुफ्फुसातनं या पेशी सगळ्या काढल्या तर असं नाही होणार?

---

पेट्रीडिश · रात्री १०.३०

दादा तुम्ही चुकून शेतकरी झालात.

याच प्रश्नावर सध्या आमच्यात भांडणं चालू आहेत. २०२२ ला सायन्समध्ये आलं की निरोगी तरुण उंदराच्या फुफ्फुसात पण पी१६ वाल्या फायब्रोब्लास्ट पेशी असतात, भिंतीच्या अगदी खालच्या थराला चिकटून, आणि जखम झाली की त्याच आजूबाजूच्या मूळ पेशींना दुरुस्तीचा निरोप देतात. त्या काढल्या तर दुरुस्ती बिघडते. २०२० ला यकृतात तसंच, पी१६ वाल्या पेशी काढल्या तर उंदीर आजारी पडले, कारण त्या रक्तवाहिनीच्या अस्तराच्या होत्या आणि त्यांची जागा घ्यायला कोणी नव्हतं, तिथं व्रण तयार झाला. आणि २०२३ ला फुफ्फुसातच, म्हाताऱ्या पेशी मारल्यावर उंदरांना पल्मनरी हायपरटेन्शन वाढलं, डॉक्टरसाहेबांनी वर सांगितलेलं प्रेशर. म्हणजे "झॉम्बी" हा शब्दच मला पटत नाही. झॉम्बी म्हटलं की मारायचाच असतो ना. यातल्या काही पेशी जुन्या वाड्याच्या सागवानी खांबासारख्या आहेत, वाळवी लागलेली असेल, दिसायला भंगार, पण माडी त्यावरच उभी. कुठली वाळवी आणि कुठला खांब हे ओळखायची धड टेस्ट अजून नाही. पी१६ हा एकच शिक्का दोघांवर असतो.

माझं स्वतःचं मत, दहा-पंधरा वर्षांत यातून फुफ्फुसासाठी काहीतरी निघेल, पण ते या दोन गोळ्या नसतील.

---

ओझरची_मावशी · सकाळी ६.०५

दहा-पंधरा वर्षं म्हणे. मी ६८ची आहे गं बाई.

असो. मी काय केलं ते सांगते. पल्मनरी रिहॅब म्हणून असतं, फिजिओ आठवड्यातून तीनदा चालवून घेते, बोटाला ऑक्सिमीटर लावून. पहिल्या दिवशी सहा मिनिटांत २१० मीटर चालले होते आणि रडले. दोन महिन्यांनी २८५. एकही नवीन गोळी नाही. कोणाला फुफ्फुस मोठं झालं का विचाराल तर नाही, रिपोर्ट तसाच आहे, पायात ताकद आली आणि दम लागला की घाबरायचं कसं नाही ते कळलं. फ्लूची आणि न्यूमोनियाची लस पण घेतली, ती मुलीने मागे लागून दिली.

तुझ्या भावाच्या २१ मीटरपेक्षा माझे ७५ मीटर जास्त आहेत, सांग त्याला.

---

छातीतलं_सांगतो · दुपारी २.४५

मावशींना माझ्या ओपीडीत बसवावं म्हणतो.

निन्टेडॅनिब आणि पिरफेनिडोन, आयपीएफची ही दोन औषधं, अमेरिकेत दोन्हींना २०१४ ला मान्यता मिळाली, आजार उलटवत नाहीत, घसरण साधारण निम्म्यावर आणतात. पेशंटला "बरं" वाटत नाही म्हणून लोक सोडून देतात, तिथंच नुकसान होतं. चालताना ऑक्सिजन ८८ च्या खाली जातो का ते बघा, बसून मोजलेला ९५ फसवतो. आणि सेनोलिटिकची, म्हणजे म्हाताऱ्या पेशी मारणाऱ्या औषधांची, खरी ट्रायल आपल्याकडे आली तर सीटीआरआयच्या, म्हणजे भारतातल्या ट्रायल्सच्या सरकारी नोंदणीच्या साइटवर नोंद दिसेल, तिथं घेणं वेगळं आणि मेडिकलवाल्याकडून घेणं वेगळं. ट्रायलमध्ये पैसे मागितले तर ती ट्रायल नाही.

कबुतरांचं उत्तर आलं नाही अजून.

---

गंगापूररोडकरीण · १६ दिवसांनी, रात्री ९.२०

सॉरी, उशीर झाला. कबुतरांचं उत्तर देत नव्हते कारण ते लिहायला हात धजेना.

बाबा रिटायर झाल्यापासून रोज सकाळी गॅलरीत ज्वारी टाकतात. बारा वर्षं. एसीच्या आउटडोअर युनिटमागे घरटी आहेत, दरवर्षी पिल्लं होतात, बाबा नातवंडांना दाखवतात. रामकुंडावर गेले तरी आधी कबुतरांना दाणे मग बाकीचं. आणि कूलर पण आहे, गवत कधी बदललं ते आईला आठवतं की नाही देव जाणे.

दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतलं, रक्ताची एक टेस्ट पाठवली, कबुतरांविरुद्धच्या अँटिबॉडीची, आणि सीटी रेडिओलॉजिस्टसोबत बसून परत बघणार आहेत. म्हणाले आयपीएफच निघू शकतं, वेल्डिंगची धूळ पण मोजावी लागेल, आशा लावून बसू नका पण तपासल्याशिवाय सोडायचं नाही. निन्टेडॅनिब सध्या १०० वर आणलंय, जेवणासोबत, जुलाब जवळपास थांबलेत. सहा मिनिटांची टेस्ट झाली, ३१२ मीटर, ऑक्सिजन ८६ ला गेला. रिहॅब सोमवारपासून. डॅसॅटिनिबचं मी त्यांना सरळ विचारलं, हसले नाहीत. जवळजवळ पेट्रीडिशने लिहिलंय तेच बोलले, फक्त कांदे नव्हते.

भावाचं क्वेरसेटिन कुरिअरने आलंय, फ्रीजवर ठेवलंय. तो फोनवर म्हणाला ठीक आहे ताई, पण निदान मी घेतो मग. घे म्हटलं.

बाबांना कबुतरांचं मी सांगितलं नाही, डॉक्टरांनीच सांगितलं. घरी येईपर्यंत गाडीत एक शब्द बोलले नाहीत. द्वारकेच्या सिग्नलला म्हणाले, "मग इतकी वर्षं मीच..." आणि पुढं नाही बोलले. मी म्हटलं अजून टेस्ट यायचीये बाबा.

जाळी शनिवारी बसतेय. घरटी काढायला माणूस येणारे, बाबांना त्या दिवशी आत्याकडे पाठवतोय. ज्वारीची पिशवी अजून अर्धी शिल्लक आहे, ती काही त्यांना टाकवेना. चाळकरी दादा, तुमच्याकडे कोंबड्या आहेत का?

---

चाळकरी_निफाड · रात्री ९.४८

आहेत ना ताई. कधी पण घेऊन या. बाबांना गाडीतच बसू द्या, खुराड्याजवळ नको, मी बांधावर खुर्ची टाकतो.